काचा वर, हीटर बंद

मी एक गाडी बोलतेय. चंदेरी रंगाची, चार दारांची, डाव्या कुशीत पोचा आलेली. चाकं असूनही माझ्या आयुष्यात जे काही महत्त्वाचं घडलं, ते मी पार्किंगमध्ये उभी असतानाच घडलं. दुसऱ्या एखाद्या गाडीला हे सांगताना कमीपणा वाटेल. मला वाटत नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातलं विनयकाका आणि सरलाकाकूंचं गराज. दोघंही डॉक्टर, ऐन तारुण्यात पुण्याहून इकडे आलेले, आता निवृत्त. काका दर रविवारी मला स्वतःच्या हाताने पुसायचे. काका गेले आणि काकूंना एकटीने ड्राइव्ह करणं नकोसं झालं. त्यांची मुलगी सलोनी म्हणाली, "आई, जस्ट डोनेट इट." काकूंनी ऐकून घेतलं आणि मला तिथल्या मराठी मंडळात ओळख झालेल्या दोन मुलांच्या हवाली केलं. मुलं कसली, तिशी ओलांडलेले घोडे होते.

"सांभाळा रे हिला," काकू म्हणाल्या, "आणि आत बसून चिवडा खाऊ नका."

पहिल्याच संध्याकाळी माझ्या सीटच्या फटीत चिवडा सांडला. माणसांना काय सांगून उपयोग.

सुमंत आणि कुमार अमरावतीच्या कॉलेजात एका बाकावर बसलेले. सुमंत आधी अमेरिकेत आला आणि खटपट करून त्याने कुमारलाही आपल्याच कन्सल्टन्सीत लावून घेतलं. ही कंपनी माणसं भाड्याने देते. आज एका प्रोजेक्टवर, वर्षभराने दुसऱ्या गावी दुसऱ्यावर. सगळा संसार दोन बॅगांत. राहायला गेस्ट हाउस, म्हणजे दोन खोल्यांचं अपार्टमेंट, त्यात सहाजण आणि एक कुकर.

सुमंतच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा. कुमार मुळातच कमी बोलणारा, आणि त्याने वाक्य सुरू केलं की ते सुमंतच संपवायचा.

"मला वाटतं, या रस्त्याने..."

"ट्रॅफिक लागेल, बरोबर. पुढून वळतो."

गाडीत बसूनच हॉटेलच्या खिडकीतून खायला मागवायचं असो की बँकेत फोन करायचा असो, दोघांच्या वतीने सुमंतच बोलायचा. त्यात प्रेमच होतं, मी जवळून पाहिलंय. पण हळूहळू कुमारची बोलायची सवयच मोडत चालली होती, आणि हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

जानेवारीत कुमारचं प्रोजेक्ट संपलं आणि कंपनीने त्याला कामावरून कमी केलं. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या अशा माणसाला या देशात दोन महिन्यांची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर सामान आवरायचं. कुमारच्या धाकट्या बहिणीचं शिक्षण त्याच्यावर होतं. गावी परतून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, या विचारानेच त्याची झोप उडाली.

तेव्हापासून माझी मुलाखतीची खोली झाली. इथल्या मुलांची ही रीतच आहे. गेस्ट हाउसमध्ये कुकरच्या शिट्ट्या होत असतात, कुणी आईशी मोठमोठ्याने बोलत असतं, म्हणून फोनवरचा इंटरव्ह्यू गाडीत बसून द्यायचा. काचा वर, हीटर बंद, कारण पंख्याचा आवाज फोनमध्ये जातो. बाहेर बर्फ आणि आत कुमार, जाकीट, टोपी, मफलर घालून, नाकाचा शेंडा लाल. काम त्याला उत्तम येत होतं. पण पलीकडून प्रश्न आला की त्याची बोबडी वळायची. एकेका नकारानंतर तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसून राहायचा.

सुमंतला ते बघवेना. "ऐक, पुढचा कॉल मीच घेतो. तुझ्या नावाने. फोनवर कुणाला काय कळतंय?"

"हे बरोबर नाही बे."

"बरोबर-चूक नंतर बघू, यार. आधी इथे टिक तर."

आणि सुमंत बोलला. काय फर्डा बोलला! शेजारच्या सीटवर कुमार चोरासारखा गप्प बसला होता. पलीकडची मॅनेजर अनिका खूश झाली आणि म्हणाली, उद्या व्हिडिओवर भेटू.

आता आली का पंचाईत? पण सुमंत हार मानणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो मागच्या सीटवर अंगावर चादर घेऊन आडवा झाला. कुमारने लॅपटॉप स्टिअरिंगला टेकवून ठेवला. ठरलं असं, की आवाज सुमंतचा आणि ओठ कुमारचे. शिकलेसवरलेले दोन इंजिनियर, आणि माझ्या पोटात बाहुल्यांचा खेळ! मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

अनिकाने पहिला प्रश्न विचारला. मागून उत्तर सुरू झालं. कुमारचे ओठ दोन-तीन शब्द हलले आणि थांबले. आवाज मात्र चालूच होता. मग कुमारने हात मागे नेऊन सुमंतच्या खांद्यावर ठेवला. सुमंत गप्प झाला.

"मॅम," कुमार म्हणाला, "यस्टरडेज व्हॉइस वॉज नॉट माइन. धिस इज माइन. आय ॲम सॉरी."

"थँक यू फॉर टेलिंग मी," अनिका म्हणाली आणि स्क्रीन काळी झाली.

सुमंत चादर फेकून उठला. "डोकं फिरलंय का तुझं? मिळालेली नोकरी घालवलीस. मी कुणासाठी मरतोय इथे?"

"मिळाली असती तर मग काय? रोज मीटिंगला तू येणार होतास का?" कुमारने लॅपटॉप मिटला. "कॉलेजपासून माझं अर्धं वाक्य तू बोलतोयस, सुमंत. आता मला बोलताच येईना."

सुमंतने दार असं आपटलं की माझ्या काचा हादरल्या. पुढचे काही दिवस तो दुसऱ्याच्या गाडीतून ऑफिसला गेला. त्या दिवसांत मला माझी सीट रिकामी बघवत नव्हती.

मग एका सकाळी कुमार माझ्यावरचा बर्फ खरवडत असताना दुसऱ्या बाजूने कुणीतरी ब्रश चालवू लागलं. सुमंत होता. त्याने सगळी काच साफ केली. शेवटी म्हणाला, "संध्याकाळी प्रश्न मी विचारतो. उत्तर तू दे. कितीही वेळ लागू दे."

मग रोज संध्याकाळी आम्ही तिघं रूट ४६ वरून फिरायचो. सुमंत मॅनेजर व्हायचा. कुमार अडखळला की सुमंतच्या जिभेवर उत्तर यायचं आणि तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. एवढा बोलघेवडा माणूस तो, त्याला हे फार जड गेलं. पण कुमार चुकत, थांबत, पुन्हा सुरुवात करत वाक्याच्या शेवटाला पोचू लागला. दोघांनीही जिद्द सोडली नाही.

मुदत संपत आली तेव्हा हर्नडन गावातल्या एका छोट्या कंपनीचा फोन ठरला. दुपारची वेळ, वरून बर्फ भुरभुरत होता. सुमंतने कुमारला फोन लावून दिला आणि दार उघडून बाहेर पडला.

"बाहेर काहून चाललास?" कुमारने विचारलं.

"आत बसलो तर बोलेन मी. भरवसा नाही माझा."

तो समोरच्या खांबापाशी जाऊन उभा राहिला. तिथून त्याला ऐकू येत नव्हतं, पण कुमारला तो दिसत होता. आत कुमार पहिल्या प्रश्नाला अडखळला. थांबला. पलीकडचा माणूसही थांबला. मग कुमार म्हणाला, "लेट मी स्टार्ट अगेन," आणि पुन्हा सुरुवात करून तो शेवटपर्यंत बोलला. माझ्या काचांवर त्याच्या श्वासाची वाफ धरली, बाहेरचा सुमंत दिसेनासा झाला, तरी तो बोलतच राहिला. बोलणं संपलं तेव्हा बाहेरच्या शहाण्याच्या खांद्यांवर बर्फाचा थर बसला होता.

ती नोकरी कुमारला मिळाली. पगार आधीपेक्षा थोडा कमी आणि गाव लांब. सुमंतने माझी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"तू कसा जाशील ऑफिसला?"

"बसने जाईन. तिथे गाडीशिवाय तुझं चालायचं नाही." एवढं बोलून सुमंत वळला, आणि मागे न बघता आत गेला. वळण्याआधी त्याचे डोळे भरून आलेले मला आरशात दिसले होते.

आता मी हर्नडनच्या एका पार्किंगमध्ये असते. इंजिन कुरकुरतं, मेकॅनिक मान हलवतो. पण कुमार मला मोडीत काढायला तयार नाही, आणि मीही अजून हातपाय गाळलेले नाहीत.

एकच मागणं आहे. कधी एखाद्या पार्किंगमध्ये काचा वर करून, थंडीत कुडकुडत एकटाच बोलणारा माणूस तुम्हाला दिसेल. जागा मिळावी म्हणून हॉर्न वाजवू नका. दुसरी जागा शोधा. त्याचं वाक्य त्याचं त्याला पुरं करू द्या.