जुन्या शिडाखालचं इंजिन

"काय, आलं का काही?" धक्क्यावर भेटेल तो हल्ली हेच विचारायचा, आणि उत्तरही ठरलेलं, "छे हो, कसलं काय!" होड्यांच्या डिझेल इंजिनांचा माल कुठेतरी अडकला होता. सुट्या भागांची तर नुसती बोंब होती.

बँकेतला कारकूनही तेच सांगायचा. त्याच्या बाबांच्या शिडाच्या होडीचं इंजिन कायमचं बंद पडलं होतं. खुल्या समुद्रात शिडावर भागतं, पण बंदराच्या अरुंद तोंडातून बाहेर पडायला इंजिन हवंच. आणि बाबांची नजर दिवसेंदिवस अधू होत चाललेली. "दिसतंय तोवर एकदा वाऱ्याने भरलेलं शीड बघू दे रे," एवढंच त्यांचं मागणं होतं.

शेजारच्या होडीच्या मालकीणबाई, शिवणकाम करणाऱ्या काकू, त्याही अशाच इंजिनाची वाट बघत होत्या. "अजून पत्ताच नाही हो काकू," त्याने बेधडक सांगून टाकलं.

त्या दुपारी बाबा शेडमध्ये जुनं शीड चाचपत बसले. आईने घातलेल्या टाक्यांवरून हात फिरवता फिरवता तो शिडाखालच्या गार लोखंडाला लागला.

"अरे, हे तर नवं इंजिन!"

"हळू बोला, बाबा!" मुलगा धावत आला. "कपलिंग आलेलं नाही. इंजिन पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याला जोडणार कशाने? तोवर बोभाटा झाला तर कोणी पंप मागेल, कोणी पट्टा. आणि तुमच्या तोंडात तर तीळ भिजत नाही!"

बाबांनी शीड बाजूला सारलं. "तू लहान होतास. आपलं इंजिन बंदराच्या तोंडाशीच बंद पडलं. काकूंच्या यजमानांनी आम्ही हाक मारायच्या आधी दोर फेकला. तुझी आई घर येईपर्यंत त्यांचे गुण गात होती. काय दिवस होते रे! कुणाचं काय अडलंय ते साऱ्या धक्क्याला ठाऊक असायचं. तुम्ही अडचणही लपवता आणि वस्तूही. मग मार्ग निघायचा कसा?"

"पण आपलं नुकसान झालं तर?"

"आणि आत्ता काय फायदा होतोय? इंजिन शेडमध्ये, होडी धक्क्याला आणि मी घरात!"

मुलगा तसाच उठून काकूंकडे गेला.

"काकू, मी खोटं बोललो. इंजिन आलंय, कपलिंग नाही. त्यातलं काही तुमच्या उपयोगाचं असेल तर या, बघा."

काकूंचं मशीन थांबलं. त्यांनी खण उघडला आणि रिळांच्या मागून चिंधीत गुंडाळलेली एक जड वस्तू काढली. कपलिंग!

"माझं इंजिन नाही आलं, नुसतं हे आलं. मीसुद्धा सगळ्यांना 'छे हो' म्हणत होते!" दोघांना हसावं की रडावं कळेना. "आधी तुमच्या होडीत बसवा. बाबांच्या डोळ्यांना थांबायला वेळ नाही."

इंजिन सुरू झालं त्या सकाळी बाबांनी काकूंच्या होडीकडे दोर फेकला. काकूंनी हाक मारलीच नव्हती!

"तुम्हाला दिसली तरी का त्यांची होडी?" मुलाने विचारलं.

"शेजारी आहे एवढं ठाऊक होतं. तेवढं पुरतं."

बंदराबाहेर पडल्यावर दोर सोडला. दोन्ही शिडं वाऱ्याने भरली, आणि आईच्या टाक्यांकडे बघत बाबा लहान मुलासारखे रडले.

बंधुभगिनींनो, माल दूर कुठेतरी अडकला होता हे खरंच. पण निम्मी टंचाई आपल्याच शेडमध्ये आणि आपल्याच खणात होती. तुमच्या जुन्या शिडाखाली काय झाकलंय, एकदा उचलून बघा. शेजारी कदाचित त्याच्याच दुसऱ्या भागावर बसून वाट बघत असेल!