पगार वाढावा ही विनंती

महागाई आटोक्यात ठेवायची म्हणून सरकारने भाव खायला माणसं नेमली, तेव्हा सुगंधा डोईफोडेला पहिल्याच दिवशी नोकरी लागली. जन्मात तिने कधी भाव खाल्लेला नव्हता. पोटात जागाच जागा होती.

रोज अकराला भाव नियंत्रण कार्यालयात पंगत बसायची. बाजारात जो भाव जेवढा चढला, तेवढा चढ पानात पडायचा. तुरीचा कोरडा, घशाला चिकटणारा. तेलाचा घसरून जायचा. गॅसच्या चढाने दिवसभर ढेकर. चार वाजता फलकावर महागाई शून्य लागायची आणि साहेबलोक एकमेकांना पेढे भरवायचे.

संध्याकाळी दुकानात डाळ मात्र होती तिथेच, एकशे ऐंशीला.

"अहो, हा भाव मी सकाळीच खाल्ला की!"

"तो सरकारी होता, ताई," दुकानदार म्हणाला. "हा माझा आहे."

घरी दहावीतली लेक महिनाभर पाण्यात तिखट कालवून भात खात होती. शेवटी सुगंधा कार्यालयाच्या मुख्य साहेबांपुढे, दाभाडे साहेबांपुढे, जाऊन उभी राहिली.

"साहेब, साडेसात हजारात भागत नाही. पोरगी वाळून चाललीय."

"महागाई किती आहे?"

"शून्य. मीच खाते ना."

"महागाई नाही, मग पगारवाढ कशाला? आणि दिली, तर तुम्ही सगळे डाळ घेत सुटाल. भाव चढतील. मग ते खायचे कुणी, मी?"

"मग सरकारचा एवढा खर्च जातो कुठं?"

साहेबांनी बोट वर केलं. वरच्या मजल्यावर खर्चाची पंगत बसली होती. छतातून तूप ठिबकत होतं. "तिथली पोटं मोठी असतात, बाई. तुम्ही अर्ज करा."

तिने अर्ज केला: 'माझा पगार वाढावा, ही नम्र विनंती.' आठवड्यात मंजूर. सकाळी निघताना ती लेकीला सांगून आली, आज आमटी.

पंगतीत वाढपी थेट तिच्यापाशी थांबला. "डोईफोडे बाई? तुमचा पगार वाढायचा हुकूम आहे." आणि त्याने वाढला. वाफाळता, पळीपळीने, सबंध महिन्याचा.

"मेल्या, वाढवावा म्हणायचं होतं मला!"

"अर्जात 'वाढावा' आहे. खाली तुमची सही, वर तिघांच्या."

खाल्लेला आकडा पुन्हा बाहेर येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने तोंड घट्ट मिटलं.

"गिळ गं बाई," शेजारचे गेनूअण्णा कुजबुजले. "तुझं झाल्याशिवाय आम्हाला उठता येत नाही."

साठ माणसं खरकटे हात धरून तिच्याकडे बघत होती. दाभाडे साहेब दारातून ओरडले, "अरे, आग्रह करा त्यांना!"

सुगंधाने पानावर दोन्ही हात आडवे धरले.

वाढपी हसला, आणि तिच्या बोटांच्या फटींतून वाढत राहिला.