रडण्याचे गुण

पद्मजा एका जागी बसेल तर शपथ. सकाळपासून जीपची वाट पाहत तांड्याच्या टोकापर्यंत तिच्या खेपा चालल्या होत्या. नागपूरच्या प्राध्यापकांनी मनाचे दुखणे मोजायला विलायती प्रश्नावली मराठीत आणली होती, आणि यवतमाळच्या वकिलाची ही लेक ती घेऊन दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यात आली होती. जिचे गुण जास्त, ती जास्त दुखणाईत. तिला आज जीपने यवतमाळला न्यायचे होते. मनाचे डॉक्टर आजच्यापुरतेच येणार होते आणि जीपमध्ये जागा एकच होती.

सर्वांत जास्त गुण पडले भुरीबाईला. "रडता का?" या प्रश्नावर तिने हात नाचवत सांगितले होते, "रडतो ना बाई! पोटभर रडतो. परवा दिग्रसची बहीण आलती, तवा तं गळाच बसला." गाल टमटमीत, डोळ्यांत हसू मावत नाही, आणि म्हणे दुखणाईत! पण आकडा तो आकडा. पद्मजाने शंका दडपली, तशी ती जास्तच टोचू लागली.

शून्य पडले सुखीबाईला. नवरा गेल्यापासून ती झोपडीत एकटीच राही. "नाही रडत," एवढेच म्हणाली आणि ओढणीवरचा आरसा चोळत बसली. शून्य म्हणजे सुखी. नावासारखी!

भुरीबाई जत्रेला निघाल्यागत नवा घागरा घालून जीपमध्ये चढली. तेवढ्यात वाटेवर तिची मावशी दिसली. भुरीबाईने टुणकन खाली उडी मारली आणि दोघी गळ्यात पडून सूर लावून रडू लागल्या. त्या रडण्यात मेलेला बाप आला, विकलेली गायही आली.

पद्मजा घाबरली. "नायक, कोण गेलं हो?"

तांड्याचे नायक देवसिंग हसले. "गेलं कोनी नाही बाई, आलं! आमच्यात पाव्हनी आली का बाया अश्याच भेटतात."

रडण्याचे गुण म्हणजे पाव्हण्यांचे गुण, हे पद्मजाला आता उमगले. ती धावतच सुखीबाईच्या दारात गेली. "सुखीबाई, तुमच्याकडे कोण येतं?"

"कोन येईन? माहेरचा तांडा कवाच उठून गेला. इथंबी कोनी दारात येत नाही."

पद्मजाला स्वतःचीच लाज वाटली. तिने सुखीबाईला कवटाळले. सूर तिला येत नव्हता, नुसतेच डोळे भरले. सुखीबाई मात्र लाकडासारखी ताठ उभी राहिली. तिकडे जीपवाला हॉर्न मारत सुटला होता.

हाताला धरून तिने सुखीबाईला जीपपर्यंत आणले. "भुरीबाई, चूक माझी झाली. ही जागा हिची आहे."

भुरीबाईने नव्या घागऱ्याकडे पाहिले, मग सुखीबाईकडे. शेजारीच राहून आपण कधी तिच्या दारात गेलो नाही, हे तिला कळले असावे. तिचे हसू गेले.

"जाय तू," ती म्हणाली. "वापस आली का मी येतो तुह्या घरी. रडाले."

सुखीबाईने तिचा हात घट्ट धरला. "खरंच येशीन?" तिने विचारले, आणि तिला रडू फुटले.