काढ्याचा गुण

माझ्या लेकीला डायबेटिस झाला आणि आमच्या घरात रातोरात डॉक्टरांचं पीक आलं. खरे डॉक्टर दवाखान्यात होते, पण त्यांचं ऐकायला वेळ कुणाला?

"एवढ्याशा पोरीला साखर? चॉकलेटं चारली असतील," नणंदबाईंनी आल्या आल्या निकाल दिला. अहो, हा आजार चॉकलेटनं होत नाही, तिच्या शरीरात इन्सुलिन बनणंच बंद झालंय, हे सांगून माझं तोंड दुखलं. पालथ्या घड्यावर पाणी! त्यांनी कसल्याशा कडू पाल्याचा काढा उकळायला घेतला. असा वास सुटला की शेजारीण नाक धरून विचारून गेली, काय जळलं म्हणून.

साखर मोजायला लेकीचं बोट टोचायचं मला काही जमेना, म्हणून ते काम सासऱ्यांनी अंगावर घेतलं. आजोबा-नात मशीन घेऊन गॅलरीत जात, दार लोटून घेत, आणि आजोबा तिथूनच आकडा ओरडून सांगत. काढा सुरू झाला आणि आकडे एकदम शहाण्यासारखे वागायला लागले. एकशे दहा. अठ्ठ्याण्णव. एकशे पाच.

"बघ! आला की नाही गुण?" नणंदबाई मिरवायला लागल्या. नवऱ्यानं बहिणीची री ओढली, "मग इन्सुलिन कशाला उगाच?" मी डॉक्टरीणबाईंना फोनवर आकडे कळवले, त्यांनी डोस कमी केला. खोटं कशाला बोलू, नंतर मीच काढा गाळून द्यायला लागले. वाटलं, असेलही बाई गुण.

पण तीनेक महिन्यांत पोरगी पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या रिचवायला लागली. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. मी ते बोलून दाखवलं.

"काढा विष बाहेर काढतोय," नणंदबाई म्हणाल्या.

"गप्प बसा हो ताई!" म्हणत मी पोरीला उचललं आणि दवाखाना गाठला. सासरे चपला सरकवत मागोमाग आले.

डॉक्टरीणबाईंनी आधी बोट टोचलं. तीनशे ऐंशी. मग मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली. तीही वाईट आली. त्यांनी चष्मा काढला. "मग फोनवरचे आकडे कुणाचे?"

लेक आजोबांकडे बघायला लागली. सासऱ्यांनी हात पुढे केला. बोटांच्या टोकांवर सुईचे काळे ठिपके होते.

"माझे," ते म्हणाले. "तिची बोटं चाळण झाली होती हो. सुई बघून रडायची. म्हटलं, माझी म्हातारी बोटं आहेत की."

"अहो बाबा, जीव गेला असता तिचा!" मी इतकी ओरडले की बाहेर रांगेतले लोक आत डोकावले. सासरे तोंड झाकून रडले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तेवढीच कीवही आली. काढ्याचा गुण आला होता तो नेमका त्यांना, ज्यांनी त्याचा थेंबही प्यायला नव्हता!

पोरीला दवाखान्यात ठेवावं लागलं. ती सावरून घरी आली, तर नणंदबाई पातेलं घेऊन दारात हजर. "मध्येच खंड पडला ना, म्हणून..." मी पातेलं त्यांच्या हातातून घेतलं आणि मोरीत रिकामं केलं.

संध्याकाळी मशीन काढलं, सगळ्यांसमोर. सुई मी धरली. पोरीनं आपणहून बोट पुढे केलं आणि दुसऱ्या हातानं आजोबांचा हात पकडला.

"आजोबा, तुम्ही डोळे मिटा. तुम्हालाच जास्त दुखतं."

दोनशे वीस आले. आकडा काही शहाणा नव्हता, पण तिचा होता. मी इन्सुलिनचं पेन उचललं.