तीन नकार आणि एक होकार

थोरल्याचं डोकं दुपारीच फिरलं. वादळी वाऱ्यात जहाजं ओढणारा त्याचा टग एका बंद पडलेल्या मालवाहू जहाजाशेजारी हिंदकळत होता, खडक जेमतेम दोन मैलांवर, आणि त्या जहाजाचा कप्तान, म्हणजे त्याचाच सख्खा धाकटा भाऊ, वायरलेसवर साहेबी आवाजात सांगत होता, "मदतीची गरज नाही. इंजिन अर्ध्या तासात चालू होतंय."

"डोंबलाचा अर्धा तास!" थोरला खेकसला. "बावीस माणसं आहेत तुझ्याकडे. हो म्हण, दोर टाकतो."

"मालकांचा फोन आल्याशिवाय हो म्हणता येत नाही, दादा."

नियमच तसा. समोरचा कप्तान हो म्हणेपर्यंत टगने दोर टाकायचा नाही, मग जहाज बुडो नाहीतर फुटो. हा नियम काढणारा सापडता, तर थोरल्याने त्याला तिथेच पोहायला सोडला असता. त्याने आणखी दोनदा विचारलं, दोनदा नकारच आला. मालक म्हणे जेवायला बसले होते. जेवा म्हणावं, सावकाश जेवा!

खडकांवरचा फेस दिसायला लागला तेव्हा कुठे धाकट्याच्या तोंडून हो निघालं. आता दोर हळूहळू ताणायला वेळच उरला नव्हता. थोरल्याने एकदम जोर लावला. दोर तुटला आणि उलटा येऊन टगवरच्या खलाशांच्या म्होरक्याच्या, तांडेलाच्या पायावर बसला. वीस वर्षं थोरल्यासोबत काम केलेला माणूस डेकवर गुरासारखा ओरडत पडला. दुसरा दोर टिकला. जहाजावरचे बावीसच्या बावीस वाचले.

संध्याकाळी धक्क्यावरून अँब्युलन्स गेली आणि धाकटा टगच्या केबिनमध्ये आला.

"दादा, नोंदवहीत एवढं लिही ना, की मी पहिल्याच हाकेला हो म्हणालो. चौकशी लागेल. नोकरी जाईल रे माझी. आईला काय तोंड दाखवू?"

थोरल्याने त्याच्यासमोरच वही ओढली आणि पेन दाबून दाबून लिहिलं. पावणेतीन, नकार. सव्वातीन, नकार. पावणेचार, नकार. सव्वाचार, होकार. दोर तुटून तांडेलाचा पाय गुडघ्याखाली चिरडला. मग वही भावाच्या पुढ्यात आपटली.

"वाच. मोठ्याने वाच."

धाकटा वाचायला लागला. तिसऱ्या नकारापाशी त्याने वही मिटायला घेतली.

"पुढचं वाच, नीट पाठ कर," थोरला म्हणाला. "तांडेलाची बायको हॉस्पिटलात पोचली असेल. तिला हे तू सांगणार आहेस. चल, ऊठ."