खाली ठेवताना

"खाट आज रिकामी झालीच पाहिजे, बाबा. तुमच्या नावावर करून दिलीय का ती?" नर्सबाई कमरेचा पट्टा आवळत म्हणाल्या.

"मला खाट कशाला हवी? बायको नेतो घरी," हमालबाबा म्हणाला.

व्हरांड्यात आम्ही सगळे हसलो. सगळे म्हणजे म्हातारेच. बाहेर गरम वारा नांगरलेल्या रानातली धूळ आणून आमच्या तोंडावर मारत होता.

आमच्या गावच्या दवाखान्यात चारच खाटा. पूर्वी तिथं बाळंतिणी असायच्या. आता बाळांच्या वजनकाट्यात रक्तदाबाच्या गोळ्यांचे खोके ठेवलेत, आणि खाटांवर मोडलेली हाडं नि दमलेली छाती. तरणी माणसं शहराला गेली, त्यांच्यामागे दुसरी नर्सही गेली. उरल्या या एकट्या बाई. त्यांचीही निवृत्ती तोंडावर आलेली.

हमालबाबाच्या बायकोचं मांडीचं हाड मोडलं होतं. ते जुळत आलं होतं, पण तिला खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर घ्यायचं कुणी? नवऱ्याला जमलं तर घर, नाही तर शहरातला म्हाताऱ्यांचा दवाखाना. तिथं गेलेलं माणूस गावात पुन्हा फारसं दिसत नसे.

"उचलून दाखवा," बाई म्हणाल्या.

"अहो, जन्मभर गोदामात पोती वाहिली. ही तर अर्धं पोतं."

"आले तेव्हा भरलेलं होतं," म्हातारी म्हणाली. "तुमच्या घरात अर्धं झालं."

बाबानं गुडघे वाकवले, तिच्या काखेखाली आणि मांडीखाली हात घातले आणि उचललंच की तिला! मान ताठ, पाय रोवलेले. व्हरांड्यातून कुणीतरी ओरडलं, "शाब्बास रे गड्या!"

"आता हळू ठेवा," बाई म्हणाल्या.

इथंच घोटाळा झाला. हमाल पोतं उचलतो, वाहतो आणि थप्पीपाशी खांदा झुकवून टाकून देतो. पोतं हळू ठेवायची वेळ त्याच्यावर कधी येतच नाही. बाबा वाकला, गुडघे लटपटले आणि म्हातारी धपकन खाटेवर पडली.

तिनं पदर दातात धरला. "काही नाही लागलं," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं.

"मला ठेवायला शिकवा, बाई," बाबा हात जोडून म्हणाला. "दोन दिवस द्या."

बाईंनी दाराकडे पाहिलं. तिथं सतरंजीवर एक म्हातारा धापा टाकत पडला होता. "शिकवलं असतं हो. पण याला कुठं ठेवू?"

बाबा पुन्हा वाकायला लागला. म्हातारीनं त्याचा हात धरला. "पुरे. बाई, मला शहराच्या गाडीत घाला."

"अगं, जमेल मला!"

"जमेल. पण तुमचे पाय थरथरताना मला जाणवले ना. तुम्ही पडलात तर तुम्हाला कोण उचलणार?"



गाडी आली. ड्रायव्हर पुढं झाला, तसं बाबानं त्याला बाजूला सारलं. तिला स्वतः उचललं, गाडीच्या दारात एक गुडघा टेकला आणि इंच इंच करत खाली ठेवलं. शेवटी डोक्याखालचा हात सोडवून घेतला. जराही आवाज झाला नाही.

"आता जमलं बघा," ती म्हणाली.

ड्रायव्हरनं दार लावलं. दवाखान्यात तिची खाट केव्हाच भरली होती.