ज्याला कुत्रा म्हणायचं नव्हतं

वाळवंटाच्या कडेच्या डूझ गावात, गुरुवारच्या बाजारात शेळ्यांच्या दावणीपाशी एवढी गर्दी जमली होती की शेळ्यांना कोणी गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. मधोमध शेख मिस्बाह. हिरवा फेटा, डोळ्यांत सुरमा आणि हातातल्या दोरीला वाळूच्या रंगाचा, लांब पायांचा, बारीक कंबरेचा सलूगी जातीचा शिकारी कुत्रा. त्याच्यासमोर दाऊची मुलगी हनीया उभी होती. मांजर आडवं गेलं तरी जिची छाती भरते, ती ही पोर.

"ये बेटी, याच्या मानेत तोंड घाल," शेख म्हणाला. "घाबरतेस कशाला? हा काय कुत्रा आहे?"

हनीयानं तोंड घातलं. पोरगी खुदकन हसली आणि म्हणाली, "बाबा, याच्या अंगाला तेलाचा वास येतो." शिंक नाही, खोकला नाही. बायकांनी ललकाऱ्या दिल्या. दाऊच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायचंही त्याला सुचेना.

आमच्याकडे कुत्र्याला 'कल्ब' म्हणतात, आणि शिवी द्यायची झाली तरी तोच शब्द कामाला येतो. सलूगीला मात्र 'होर' म्हणायचं, म्हणजे खानदानी. कल्ब अंगणाबाहेर, होर अंथरुणावर. वाळवंटात सशामागे धावून आमच्या पणजोबांची चूल त्यानंच पेटती ठेवली, म्हणून हा मान. त्या मानाचं मला वावडं नाही. शेखनं त्या मानाचं औषध करून विकायला काढलं, ते मात्र मला झोंबलं.

"मुलीचा दम कशानं कोंडतो? कल्बानं," शेख बोटांवर मोजत सांगत होता. "हा कल्ब आहे? नाही. मग दम कोंडेल कसा? पथ्य एकच. घरात याला कोणी तो शब्द म्हणायचा नाही. एकदा जरी म्हटलात तरी याच्यातला कुत्रा जागा होईल. मग पोरीचं काय होईल, ते मला विचारू नका." त्यानं दाऊच्या हातात खजुरांचा डबा ठेवला. प्रत्येक खजुरात बीऐवजी काळसर चटणी भरलेली. "काल दिले तसेच हे तिला सकाळ-संध्याकाळ द्यायचे. मंतरलेले आहेत."

"आणि झोपेत कोणी तो शब्द म्हटला तर?" मी विचारलं.

"तुर्कियाबाई, तुमच्या जिभेला काही हाड आहे का?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात मला शिंक आली आणि लोक फिदीफिदी हसले. नर खजुराचे तुरे झाडावर चढून मादी झाडाला बांधायचे ते दिवस. हवेत पराग उडतो आणि मी सकाळपासून शिंकत असते. शाळेत मी विज्ञान शिकवते, पण पोरांत माझं नाव शिंकरी बाई असंच आहे.

गर्दीच्या कडेला मस्तूरा उभी होती, तोंडावर नाकापर्यंत घट्ट फडकं बांधून. तिच्या मुलाला, लतीफला, असाच दम लागायचा; त्याच्यासाठीही या शेखनं असाच एक होर दिला होता. लतीफ गुदमरून गेला. कोणीतरी शब्द उच्चारला असणार, असं शेख म्हणाला आणि 'रुसलेला' होर परत घेऊन गेला. मस्तूराला आठवलं की, दूध सांडलं म्हणून आपण त्या होराला एकदा 'कल्बा' म्हणून झिडकारलं होतं. त्या दिवसापासून तिनं बोलणं टाकलं. तिच्या घरातून दुपारच्या वाऱ्याला बारीक शिटी ऐकू येते. लोक म्हणतात, लतीफ श्वास शोधतोय. वारा फटीतून गेला की शिटी वाजते, हे मी मुलांकडून दर वर्षी घोकून घेते. तरी त्या घरावरून जाताना माझी पावलं झपझप पडतात.

पुढं हनीया शाळेत येईनाशी झाली, म्हणून मी दाऊच्या घरी गेले. त्या घरात एरवी पाटा-वरवंट्याच्या आवाजातही भांडणं ऐकू यायची. आता दार उघडलं तेही मुकाट्यानं. हनीयाची आई मबरूका खुणेनं 'बसा' म्हणाली. सलूगी कोपऱ्यातल्या गालिच्यावर पसरला होता, आणि सगळं घर त्याच्याभोवती चवड्यांवर चालत होतं. मग आतल्या खोलीतून तीच शिटी आली. बारीक, लांबलेली, मस्तूराच्या दाराची. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"ऐकलंत ना बाई?" मबरूका कुजबुजली. "लतीफ आमच्याकडे राहायला आलाय."

"शेजारीपाजारी ऐकतील," दाऊ दबक्या आवाजात तिच्यावर खेकसला. "तूच तो शब्द म्हणालीस. नाहीतर कशानं उलटलं?"

"मी म्हटलं नाही हो. एकदा नुसतं मनात आलं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मनातलंही ऐकतो का तो?"

बोलता बोलता ती ओढणीचं टोक तोंडावर ओढून घेत होती, अगदी मस्तूरासारखं. मला संताप आला आणि भीतीही वाटली. एका घरातली पोर गुदमरत होती आणि आईची वाचा जात चालली होती.

मी आत गेले. हनीया उशीला टेकून बसली होती. खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते आणि शिटी तिच्याच छातीतून येत होती.

"शेखचे खजूर देताय ना?"

"बंद केले. खाल्ले की दिवसभर पेंगायची, जेवायचीही नाही. बंद केल्यापासून हे असं."

"दाऊ, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेते."

"शेख गुरुवारी येतोय," तो म्हणाला.

"तोवर श्वास उधार मिळतो का कुठं?"

मबरूका उठली. तेवढ्यातही पाहुणीला कोरड्या तोंडानं कसं पाठवायचं, म्हणून तिनं त्याच डब्यातला एक खजूर माझ्या हातावर ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि डबा उचलून पिशवीत घातला.

भाड्याची गाडी बागांमधून चालली होती. दोन्ही बाजूंना माणसं खजुराच्या झाडांवर चढली होती, पिवळा धुरळा खिडकीतून आत येत होता. बरंच अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी एकदाही शिंकले नाही. उलट माझी मान डुलत होती आणि डोळे मिटत होते.

डॉक्टर आमालनं हनीयाच्या नाकातोंडावर वाफेचा मुखवटा बसवला. हळूहळू तिचे खांदे खाली आले आणि शिटी थांबली.

"गेला का लतीफ?" मबरूकानं विचारलं.

"कोण लतीफ? हा तुमच्या मुलीचाच श्वास होता, बाई. दमा आहे तिला."

मग मी डबा पुढं केला. आमालनं चटणी चमच्यानं उकरली. काळ्या जिऱ्याच्या भुकटीत पांढरे कण होते. तिनं ते प्रयोगशाळेत पाठवले. निघाल्या दोन गोळ्या, कुटून मिसळलेल्या: एक शिंका थांबवणारी, झोप आणणारी, दुसरी छातीतली सूज दडपणारी. दुसरी अशी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, हे सांगताना ती रागानं लाल झाली होती.

"आणि कुत्रा?" मी विचारलं. "खानदानी असला तर चालतो का?"

"त्रास केसांमुळं होत नाही, कातडीच्या कोंड्यामुळं आणि थुंकीमुळं होतो. तो कोंडा सगळ्यांनाच असतो. कुत्र्याकुत्र्यात फरक पडतो, पण अजिबात त्रास न देणारी जात कोणतीच नाही. पाळायचाच असेल तर आधी मला विचारा. मग औषध आवरतं घेऊन नव्हे, नीट चालू ठेवून, त्याच कुत्र्याजवळ मुलीला थोडं थोडं बसवून बघा. आणि तिच्या अंथरुणापाशी तर कधीच नाही."

बाजारातला चमत्कार माझ्यापुरता उलगडला. न्हाऊ घालून तेल चोळलेला, कोंडा दाबून बसवलेला कुत्रा, मोकळी हवा, आणि मुलीच्या पोटात आदल्या दिवसापासून 'मंतरलेले' खजूर.

गुरुवारी शेख नव्या गिऱ्हाइकाच्या शोधात उभाच होता. दाऊ सलूगीला घेऊन आला होता, परत करायला. मबरूकानं कुत्र्याला दाराबाहेर काढलं होतं. मी सकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत त्या डब्यातला एक खजूर खाल्ला होता. आता गर्दीत शिरले, पिशवीतून नर खजुराचा तुरा काढला आणि स्वतःच्या तोंडावर झटकला. पिवळी धूळ नाकात गेली. लोक माझ्या शिंकेची वाट बघत राहिले.

"माझी शिंक गावाला ठाऊक आहे," मी म्हटलं. "आज ती गेली कुठं? हा काही होर नाही, नुसता पराग आहे. मी या परागालाच कल्ब म्हणते. कल्ब, कल्ब, कल्ब. आली शिंक?"

"बाई नास्तिक आहे," शेख ओरडला. "हिला पाप लागत नाही."

"मला लागत नाही आणि आठ वर्षांच्या पोरीला लागतं? शेखसाहेब, तुमच्या मंत्रानं झोप येते आणि दवाखान्यात त्याला गोळी म्हणतात. हा त्यांचा कागद, ज्याला वाचता येतं त्यानं वाचावा."

दाऊच्या हातातली दोरी एकदम ताणली गेली. सलूगी गर्दी कापत निघाला तो थेट मस्तूराकडे, आणि तिच्या पायांशी आडवा होऊन शेपटी आपटू लागला. ती खाली वाकली. त्याच्या चिरलेल्या कानावरून तिनं बोट फिरवलं.

"हा आमचा आहे," ती म्हणाली. फडक्याआडून आलेला तो खरखरीत आवाज लोक विसरूनच गेले होते. "लतीफचा."

दाऊनं शेखकडे पाहिलं. एका पोराला गुदमरवणारा कुत्रा त्यानं दुसऱ्या पोरीच्या अंथरुणावर आणून ठेवला होता. शेख सटकू लागला, पण शेळीवाल्यांनी त्याला धरलं आणि पोलीस येईपर्यंत सोडलं नाही.

गर्दी पांगली तरी मस्तूरा तिथंच बसून होती. मी शेजारी बसले. तिनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"म्हणजे माझ्या शब्दानं नाही गेला तो?"

"नाही गं. शब्दानं कोणी मरत नाही."

तिनं सलूगीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "कुत्रा बाहेर बांधला असता, डॉक्टरकडे नेलं असतं, तर?"

या प्रश्नाची मला धास्ती होती. खोटं बोलणं सोपं होतं. पण खोट्या दिलाशाचाच धंदा करणाऱ्याला आम्ही नुकतं पकडून दिलं होतं.

"तर बहुधा वाचला असता," मी म्हणाले.

ती रडली, मोठ्यानं, बाजारभर ऐकू जाईल असं. मी तिचा हात धरून बसले. हे लिहिलं ते तुमच्यासाठी. मूल गुदमरतंय असं दिसलं की कोण काय बोललं ते शोधत बसू नका. त्याच्या अंथरुणापाशी काय आहे ते बघा, आणि त्याला उचलून डॉक्टरकडे न्या.